लढाई मागे, ओझी पुढे : वणी-दिंडोरी, १६७०

आजचा भाग आपल्याच तालुक्याचा आहे. हेडफोन लावून बसमध्ये ऐकत असाल आणि बस नाशिकहून दिंडोरीमार्गे वणीकडे निघाली असेल, तर थोड्या वेळाने समोर डोंगरांची एक लांबच लांब रांग दिसेल. ती सातमाळा. अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या, धोडप, कांचना आणि पुढे थेट चांदवडपर्यंत एकामागे एक शिखरं. आजची गोष्ट या रांगेची आणि तिच्या पायथ्याच्या मैदानाची आहे.

वणी-दिंडोरीची लढाई आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेत दोन ओळींत वाचलेली असते. १७ ऑक्टोबर १६७०. शिवाजी महाराज सुरतेवरची दुसरी स्वारी आटोपून परतत होते, मोगल सरदार दाऊदखान कुरेशी आडवा आला, लढाई झाली, मराठे जिंकले. प्रश्न संपला, दोन मार्क मिळाले.

पण या दोन ओळींत एक गोष्ट राहून जाते. सभासदाच्या बखरीत या लढाईचं वर्णन आहे. त्यात महाराज अंगावर बख्तर चढवून, हाती पट्टे घेऊन घोड्यावर बसलेले दिसतात. त्याच्या आधी सभासद आणखी एक गोष्ट सांगतो. मालमत्तेची घोडी आणि पायदळाची माणसं महाराजांनी पुढे रवाना केली आणि आपण दहा हजार स्वारांनिशी मागे थांबले.

म्हणजे लढाई मागे चालली होती आणि तिच्या पुढे एक वेगळीच रांग चालत होती. ओझ्याने वाकलेली घोडी, त्यांचे लगाम धरलेली माणसं, आणि सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला कुणीतरी. आजचा आपला भाग त्या पुढच्या रांगेबद्दल आहे.

आधी वजन समजून घेऊ

३ ऑक्टोबर १६७० रोजी महाराज सुमारे पंधरा हजारांची फौज घेऊन सुरतेत शिरले. स्वार आणि पायदळ दोन्ही होतं. सुरत हे तेव्हा मोगलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर. ५ तारखेला दुपारी फौज शहरातून निघाली. नंतर मोगल सरकारने चौकशी केली, तेव्हा गेलेल्या मालाचा आकडा निघाला ६६ लाख रुपये.

आता ६६ लाख म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त किंमत येते. आज यूपीआयने एका क्लिकवर पैसे जातात, त्यामुळे पैशाला वजन असतं हेच आपण विसरलोय. त्या काळचा चांदीचा रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा. लुटीत सोनं होतं, मोती होते, कापड होतं, रोख होती. समजा, नुसतं समजा, की त्यातले दहा लाख चांदीच्या नाण्यांत होते. तर तेवढ्याचंच वजन झालं साडेअकरा टन. एका घोड्यावर लांबच्या डोंगरवाटेला नव्वद किलो लादलं, तर या दहा लाखांनाच सव्वाशेच्या वर घोडी लागतात. वर कापडाचे गठ्ठे वेगळे, दाणापाणी वेगळं.

आणि हे सगळं घेऊन जायचं कुठून? सुरतेहून बागलाणात, मुल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याजवळून, मग सातमाळेची भिंत ओलांडून दिंडोरीच्या मैदानात, आणि तिथून घाट उतरून कोकणाकडे. नुसता दिंडोरीपर्यंतचा टप्पाच दोनशे किलोमीटरहून मोठा. त्यात पाऊस नुकताच संपलेला. ऑक्टोबरात आपल्याकडे काय असतं ते माहितीच आहे : ओढे अजून वाहते, काळी माती अजून ओली, गवत कमरेएवढं. गवतात पायवाट दिसत नाही. ज्याने ती वाट उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन्ही वेळा तुडवलीय, त्यालाच ती सापडते.

लढाईच्या नकाशात बाण काढतात ना, तसे बाण इथे चालत नाहीत. लढणारा स्वार ताशी कितीही धावो, पूर्ण मोहिमेचा वेग ठरतो तो सगळ्यात जड ओझं वाहणाऱ्या जनावराच्या चालीवरून. एखाद्या घोड्याचा नाल निघाला, पाठ सोलली, की मागची सगळी रांग खोळंबते. खिंडीत तर दोन घोडी शेजारी चालायची मारामार.

फौजेबरोबर आणखी कोण असायचं?

मराठी फौजेबद्दल आपण नेहमी ऐकतो की ती हलकी असायची. तंबू-डेरे नाहीत, बायका-बटकी नाहीत, वाजंत्री-कलावंतिणी नाहीत. हे खरं आहे. पण हलकी म्हणजे मदतनीस नसलेली, असा त्याचा अर्थ नाही.

सभासदाने पागेची व्यवस्था लिहून ठेवलीय, ती वाचण्यासारखी आहे. पंचवीस घोड्यांमागे एक हवालदार. आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. पखाली म्हणजे पखालीतून पाणी वाहून आणणारा. पखाल म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. नालबंद म्हणजे घोड्याच्या खुराला नाल ठोकणारा.

हा हिशोब जरा पुढे नेऊ. दहा हजार घोडी या दराने मोजली, तर चारशे पखाली आणि चारशे नालबंद होतात. म्हणजे आठशे माणसं अशी की ज्यांच्या हातात तलवार असो वा नसो, त्यांच्याशिवाय तलवारवाला दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसूच शकत नाही. सातमाळेचा दगड म्हणजे काळा बसाल्ट. त्यावरून बिननालेचं जनावर ओझं घेऊन दोन दिवस चाललं की लंगडायला लागतं.

यात कारकून आले. मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळ काय आहे याची नोंद व्हायची, परतल्यावर झाडा घेतला जायचा, आणि जास्तीचं निघालं तर ते सरकारजमा. म्हणजे त्या रांगेत कुणीतरी वह्या सांभाळत चाललेला होता. यात जासूद आले, म्हणजे बातमी आणणारे. घोड्याला खरारा करणारे, दाणावैरण बघणारे आले. आणि यातच आला वाटाड्या.

वाटाड्या हा शब्द आपल्याकडे अजून वापरात आहे, आणि तो छान आहे. गाईड म्हटलं की गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. वाटाड्या म्हणजे ज्याला वाट ठाऊक आहे तो. पाणी कुठल्या टाक्यात टिकतं, कुठल्या घळीत दरड आहे, कुठल्या वस्तीवर कुत्री भुंकतील, कुठल्या गावचा पाटील कुणाच्या बाजूचा आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात.

त्या रात्री काय झालं?

आता लढाईकडे येऊ. ही लढाई आपल्याला दोन बाजूंनी दिसते. मराठ्यांकडून सभासद आहे. मोगलांकडून भीमसेन सक्सेना आहे. भीमसेन हा बुऱ्हाणपूरचा, मोगल नोकरीतला कारकून माणूस, आणि या मोहिमेत तो दाऊदखानाच्या बरोबर होता. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

शाहजादा मुअज्जम तेव्हा औरंगाबादेत होता. सुरतेची बातमी लागल्यावर त्याने दाऊदखानाला बुऱ्हाणपुराहून बोलावलं आणि वाट अडवायला पाठवलं. दाऊदखान चांदवडला आला. मध्यरात्री त्याच्या हेरांनी बातमी आणली : महाराज डोंगररांगेतल्या खिंडीतून पार झालेत, नाशिकच्या रस्त्याला लागलेत आणि वेगाने निघालेत. त्यांची निम्मी फौज मागे राहिलेल्यांना गोळा करत खिंड धरून उभी आहे.

मागे राहिलेल्यांना गोळा करत. हे चार शब्द लक्षात ठेवा. लंगडणारं घोडं, दमलेला हमाल, वाट चुकलेला पखाली यांना सोडून न जाता खिंडीच्या तोंडाशी फौज थांबलीय. हे शत्रूच्या हेराने पाहिलेलं आहे, आपल्या कुणी कौतुकाने लिहिलेलं नाही.

दाऊदखान त्याच रात्री निघाला. पहाटे तीनच्या सुमारास चंद्र मावळला. अंधार झाला आणि मोगल फौज विस्कळीत झाली. कोण कुठे, कोण कुठे. उजाडताना आघाडीचा सरदार इखलासखान मियाना एका टेकाडावर चढला आणि खाली बघतो तर मैदानात मराठे लढायला तयार उभे. प्रतापराव गुजर, व्यंकोजी दत्तो, आनंदराव असे सरदार तिथे होते.

आता गंमत बघा. इखलासखानाच्या माणसांची चिलखतं कुठे होती? उंटांवर. म्हणजे सामानात. उंट येऊन पोचले, माणसं चिलखतं अंगावर चढवायला लागली, तेवढा धीर खानाला धरवला नाही. मूठभर लोक घेऊन तो तसाच तुटून पडला, जखमी झाला आणि घोड्यावरून खाली आला. तोफखान्याचा दारोगा मीर अब्दुल माबूद मुख्य फौजेपासून तुटला. तो जखमी झाला, त्याचा एक मुलगा मारला गेला, त्याचे झेंडे आणि घोडी मराठ्यांनी नेली. दाऊदखानाने हत्ती, निशाणं, नगारे एका उजाड गावठाणाच्या उंचवट्यावर ठेवले, भोवती नाले होते, आणि मागून येणाऱ्यांना तिथेच थांबायला सांगितलं. दुपारी त्याच्याजवळ दोन हजारांपेक्षा कमी माणसं उरली होती.

मोगल शूर नव्हते असं अजिबात नाही. त्यांच्या बुंदेले बंदुकवाल्यांनी चांगलं झुंजवलं. दाऊदखानाने स्वतः पुढे होऊन जखमी इखलासखानाला बाहेर काढलं. संध्याकाळी पुन्हा हल्ला झाला, तोही तोफांनी परतवला. पण त्यांची फौज आणि त्यांचं सामान एकमेकांपासून तुटलं होतं. ज्यांच्याकडे चिलखत होतं ते मैदानात नव्हते आणि जे मैदानात होते त्यांच्या अंगावर चिलखत नव्हतं.

मराठ्यांकडे उलट होतं. तिथे सामान आणि फौज यांची फारकत मुद्दाम, विचार करून केलेली होती. ओझं पुढे, तलवार मागे. मागच्या दहा हजारांचं काम एवढंच की पुढच्या रांगेला वेळ मिळवून द्यायचा. सभासद म्हणतो लढाई दोन प्रहर चालली, म्हणजे साधारण सहा तास. सहा तासांत लादलेलं घोडं किती जाईल? वाट बरी असेल तर वीस-पंचवीस किलोमीटर. तेवढं अंतर पुरेसं होतं.

रात्री मोगलांनी तिथेच मैदानात तळ दिला, भोवती चर खणले, मेलेल्यांना पुरलं, जखमींना सांभाळलं. मराठे कोकणाच्या दिशेने निघून गेले, वाटेत कुणी अडवलं नाही. दाऊदखान दुसऱ्या दिवशी उरलेली फौज घेऊन नाशिकला गेला आणि महिनाभर तिथेच राहिला. पुढच्या काही महिन्यांत सातमाळेतले काही किल्ले आणि जानेवारी १६७१ मध्ये बागलाणातला साल्हेर स्वराज्यात आला.

आता पुन्हा विचारतो. या लढाईत जिंकलं काय? मैदान नाही, कारण मैदान सोडून मराठे निघून गेले. जिंकलं ते एवढंच की ओझी सुखरूप पोचली. सरदारांची नावं आपल्याला माहीत आहेत. त्या ओझ्यांच्या पुढे चालणाऱ्याचं नाव ना सभासदाने लिहिलं, ना भीमसेनाने.

उत्तर ध्रुवावरची तीच गोष्ट

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. पार दुसऱ्या टोकाला जाऊ, आर्क्टिकमध्ये, जिथे डोंगरही नाही आणि पायवाटही नाही, नुसता समुद्रावर गोठलेला बर्फ.

अमेरिकेचा रॉबर्ट पिअरी १९०९ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघाला. शाळेच्या पुस्तकात त्याचं एकट्याचं नाव असायचं. प्रत्यक्षात किनाऱ्यावरून निघाली २४ माणसं, १९ स्लेज आणि १३३ कुत्री. पद्धत अशी की एका तुकडीने पुढे जाऊन बर्फातून वाट फोडायची, इग्लू बांधायचे, सामान पोचवायचं आणि मागे फिरायचं. मग दुसरी तुकडी, मग तिसरी. शेवटच्या टप्प्यात उरले सहा जण : पिअरी, त्याचा कृष्णवर्णीय सहकारी मॅथ्यू हेन्सन, आणि चार इनुइट. त्या चौघांची नावं ऊटा, एगिंगवा, सीग्लू आणि ऊकेया.

कुत्र्यांची गाडी हाकणं, इग्लू बांधणं, बर्फाचा रंग बघून तो किती जाड आहे ते ओळखणं हे इनुइटांचं पिढ्यांचं ज्ञान. अंगावरचे फरचे कपडे शिवले ते इनुइट बायकांनी. ते कपडे नसते तर मोहीम किनाऱ्यावरच संपली असती. हेन्सन त्यांची भाषा बोलायचा, म्हणून सगळं जुळलं. इनुइटांना मोबदला मिळाला तो बंदुका, हत्यारं अशा वस्तूंत. हेन्सन परतल्यावर न्यूयॉर्कच्या कस्टम कचेरीत कारकुनी करत राहिला. १९५५ मध्ये तो वारला. त्याचे अवशेष सन्मानाने आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत, पिअरीच्या जवळ हलवले गेले, ते १९८८ मध्ये.

पिअरी नेमका ध्रुवापर्यंत पोचला का, यावर अजूनही वाद आहे. पण तो जिथवर गेला, तिथवर त्याला कुणी नेलं, यावर वाद नाही.

फरक एवढाच की तिथे निदान चार नावं कागदावर उरली. म्हणून आज आपण ती उच्चारू शकतो.

आपल्याकडे नाव उरलेला एक

आपल्याकडे असं एक नाव उरलंय आणि तुम्ही ते ओळखता. बहिर्जी नाईक. बहिर्जींना आपण गुप्तहेर म्हणून ओळखतो. वेषांतर, सिनेमा, वेबसिरीज. पण त्यांचं एक मोठं काम वाटाड्याचं होतं, आणि तेही आपल्याच बाजूचं.

१६७९, नोव्हेंबर. महाराज जालना लुटून परतत होते. याही वेळी ओझं होतं, याही वेळी मोगल आडवे आले. पण या वेळी वणी-दिंडोरीसारखं जमलं नाही. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. मोगलांची आणखी कुमक येत होती. तेव्हा बहिर्जींनी महाराजांना सांगितलं की मी आडवाटेने काढतो. तीन दिवस, तीन रात्री चालून त्यांनी महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. सिन्नर-अकोल्याच्या सीमेवरचा हा पट्टा. महाराजांनी तिथे विसावा घेतला, म्हणून त्याचं नाव विश्रामगड. लूट गेली, पण राजा वाचला. पुढे महाराजांचं आयुष्य फक्त काही महिन्यांचं होतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

सभासदाने बहिर्जींचं नाव लिहिलं. किल्ल्याचं नाव बदललं. एका वाटाड्याच्या कामाची आठवण एका अख्ख्या डोंगराने ठेवलीय, असं उदाहरण फार क्वचित सापडतं.

वाटाड्या नसला की काय होतं : रामशेज

आता उलट बाजू बघू. त्यासाठी दिंडोरी तालुक्यातच, आशेवाडीच्या रामशेजवर जायचं. हा किल्ला तुम्ही पाहिला असेल, नसेल तर अर्ध्या दिवसात होतो. छोटा आहे, चढायला सोपा आहे. पण १६८२ मध्ये औरंगजेबाने इथे फौज पाठवली आणि हा किल्ला वर्षानुवर्षं हाती लागला नाही. शहाबुद्दीनखान येऊन गेला, मग बहादूरखान आला.

खाफीखान नावाच्या मोगल इतिहासकाराने एक किस्सा लिहिलाय. गडावरच्या मराठ्यांना भुतं वश आहेत, अशी मोगल छावणीत समजूत झाली. तेव्हा एक मांत्रिक पुढे आला. म्हणाला, शंभर तोळे सोन्याचा नाग करून द्या, तो हातात धरून मी पुढे चालतो, फौज माझ्या मागे येऊ द्या, दरवाजापर्यंत कुणी अडवणार नाही. सोन्याचा नाग झाला. मांत्रिक पुढे, फौज मागे. अर्ध्या वाटेवर गडावरून गोफणीचा दगड आला, तो त्याच्या छातीवर बसला, नाग हातातून पडला आणि मांत्रिकही पडला.

हा किस्सा ऐकून आपण हसतो. पण नीट बघा, मोगलांना तिथे काय हवं होतं? पुढे चालणारा माणूस. तोफा होत्या, दारू होती, पैसा तर इतका की शंभर तोळे सोनं सहज काढून दिलं. गडावर चढणारी खरी वाट दाखवायला मात्र आशेवाडीचं कुणी आलं नसावं. म्हणून मग मांत्रिक.

वाट दाखवण्याची किंमत

इथपर्यंत ऐकून वाटेल की वाटाड्या म्हणजे शूर, निष्ठावान, रोमँटिक काम. इथे जरा थांबूया, कारण या इतिहासाची एक कडू बाजू आहे.

फौज गावाजवळ आली की वाट दाखवायला माणूस द्यावा लागायचा. द्यायचा की नाही, हा प्रश्न गावाला कुणी विचारत नसे. मोगल आले तरी तेच, मराठे आले तरी तेच, पुढे इंग्रज आले तरी तेच. आणि गावात हे काम कुणाच्या वाट्याला यायचं? महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत ते महारांच्या वाट्याला यायचं. गावाच्या वेशीची राखण, सरकारी निरोप पोचवणं, आलेल्या अंमलदाराला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणं, त्याचं सामान पोचवणं. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं. बदल्यात वतनाची थोडी जमीन आणि घरोघर मिळणारं बलुतं. डोंगराकडच्या गावांत कोळी, कोकणा, वारली यांनाही वेठ चुकली नाही. साहेबाचा तंबू डोंगरावर चढायचा तो यांच्या डोक्यावरून.

म्हणजे ज्या ज्ञानावाचून साहेबाचं, सरदाराचं, फौजेचं पाऊल पुढे पडत नव्हतं, ते ज्ञान फुकट किंवा जवळजवळ फुकट वापरलं जात होतं. त्याला हुन्नर कुणी म्हटलं नाही. ते ‘कामच आहे त्याचं’ असं म्हटलं गेलं.

याविरुद्ध कायद्याच्या भाषेत आवाज उठवला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाविषयीचं विधेयक मांडलं. मुद्दा साधा होता : कामाचे तास ठरलेले नाहीत, पगार ठरलेला नाही, अख्खं कुटुंब सरकारला बांधलेलं, हे वतन नाही, ही गुलामगिरी आहे. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा आला १९५८ चा. म्हणजे वाट दाखवणं हे वेठीतून सुटून मजुरीचं, ठरवून करायचं काम झालं, त्याला अजून फार वर्षं झालेली नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्यातली गोष्ट आहे ही.

आणि आज

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्यात आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे. आनंदच आहे. त्यामुळे बागलाणात, सातमाळेत माणसं वाढतील. शनिवार-रविवारी गाड्या येतील, ग्रुप येतील, रील होतील.

या सगळ्यांना वर नेणार कोण? पायथ्याच्या वाडीतलाच कुणीतरी पोरगा किंवा मामा. तो पाठीवर पाण्याचे कॅन घेईल. त्याच्या घरी चुलीवर पिठलं-भाकरी होईल. ती थापणारी बाई पहाटे चारला उठलेली असेल. तिचंही नाव त्या ट्रेकच्या गोष्टीत येत नाही. पाऊस लागला, धुकं उतरलं, मोबाइलची रेंज गेली की मॅपवरची निळी रेघ बंद पडते आणि त्या पोराचा आवाज तेवढा सुरू राहतो : इकडून या, तिकडे कडा आहे.

आणि परतल्यावर आपण काय लिहितो? ‘एक लोकल गाईड घेतला होता.’ बस. सभासदाकडे निदान कारण होतं, त्याला राजाचं चरित्र लिहायचं होतं. आपल्याकडे तर कॅप्शनला जागाच जागा आहे.

म्हणून या भागाचं सार मी तीन साध्या गोष्टींत सांगतो. किल्ल्यावर जाल तेव्हा वाटाड्याचे पैसे निघण्याआधी ठरवा आणि उतरल्यावर घासाघीस करू नका. तो ‘आता वर नको, परत फिरू’ म्हणाला तर ऐका, कारण इखलासखानासारखी घाई करून कुणाचंच भलं झालेलं नाही. आणि त्याला विचारून, त्याची हरकत नसेल तर त्याचं नाव लिहा. पूर्ण नाव, गावासकट. जेवण दिलं त्या ताईंचंही. साडेतीनशे वर्षांनी कुणी आपल्या काळाबद्दल वाचलं, तर त्याला ‘कुणीतरी एक’ वर थांबावं लागू नये.

एक काम तुमच्याकडेही देतो. तुमच्या घरात, गावात कुणी आजोबा असतील ज्यांनी डोंगरात वाट दाखवलीय. सर्व्हेवाल्यांना, वनखात्याला, सप्तशृंगीला चालत जाणाऱ्या पदयात्रेला, कुणालाही. त्यांच्याजवळ बसा, फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि विचारा : पाणी कुठे लागायचं, किती पैसे मिळायचे, वाट कुणी शिकवली? दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरे. ते नीट जपून ठेवा, फाइलला त्यांचं नाव द्या.

पुढच्या भागात धोडपला जाऊ. १७६८ मध्ये तिथे काका-पुतणे समोरासमोर उभे राहिले होते, राघोबादादा आणि माधवराव पेशवे. त्या लढाईतही किल्ल्याखालच्या गावांनी काय सोसलं, ते बघू. तोवर काळजी घ्या, डोंगरात एकटे जाऊ नका. भेटू.